डिकीत काय होतं ओ?

"काय ओ वैनी, समोरच्यांची गाडी गॅरेजला गेलीय म्हणं?"

"बंपर फुटलाय की, काकू. परवा रात्री हुरडा खाऊन बार्शी रोडनं येत होते, नान्नजच्या अलीकडं काळवीट आडवं आलं. थांबलेच नाहीत, तशीच गाडी घरापर्यंत दामटली. आता म्हणायलेत, कुत्रं होतं!"

"भ्यायले असतील बिचारे. सलमान खानचं ऐकलंय ना सगळ्यांनी."

"सलमानचं वेगळं ओ. त्यानं 1998 ला शिकार केली, म्हणून 2018 ला जोधपूरच्या कोर्टानं पाच वर्षं ठोठावली. त्याचं अपील चालूय ते सोडा. यांनी काय बंदूक झाडली होती का? थांबून फोन केला असता तर चार प्रश्न विचारले असते, पंचनामा झाला असता. पळाल्यावर आता अपघात होता म्हणून कुणाला पटवणार? माझा भाऊ वनखात्यात आहे म्हणून सांगते, यांची खरी चूक पळण्यात आहे."

"अहो, पण रात्री अकराला फोन करायचा कुणाला?"

"1926 ला, वनखात्याचाच आहे. नाही लागला तर 112. नॅशनल हायवे असला तर 1033 ला पण कळवायचं. त्याआधी गाडी बाजूला घेऊन चारी इंडिकेटर लावायचे. काळवीट एकटं थोडंच फिरतं? एक गेलं की पाठोपाठ कळप येतो. केगावला बायपासच्या पुलावरनं 2022 च्या शेवटी डझनभर काळविटं पडून मेली, विसरलात का?"

"कसं विसरेन! पेपरातला फोटो बघवत नव्हता. पण वैनी, जिवंत असलं तर आधी दोन घोट पाणी पाजायला पाहिजे, नाही का?"

"नको ओ काकू, तिथंच सगळे चुकतात! पडलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं. वर भोवती गर्दी, मोबाईलचे फ्लॅश. हरणाची जात भित्री, नुसत्या धसक्यानं जीव सोडते. लांब उभं राहायचं, वनखात्याची माणसं येईस्तोवर बघ्यांना हाकलायचं. लांडगा नाहीतर कोल्हा असला तर जवळ फिरकायचंच नाही. चावला म्हणजे रेबीजची इंजेक्शनं आली."

"आणि मेलेलं असलं तर? आमच्या गावाकडं तर लगेच..."

"माहितीय मला गावाकडं काय करतात ते! वन्यजीवांचा 1972 चा कायदा आहे, मेलेलं जनावर सरकारचं. तुमच्याच गाडीखाली आलं तरी मटण तुमचं होत नाही, शिंगं हॉलमध्ये टांगता येत नाहीत. त्यात काळवीट पहिल्या अनुसूचीतलं, तीन ते सात वर्षं आत."

"अगं बाई! एवढं?"

"मग? नान्नजला माळढोकासाठी 1979 ला अभयारण्य केलं. माळढोक दिसायला आता नशीब लागतं. काळविटं तेवढी उरलीत, ती पण आपण हुरड्याच्या पायी गाडीखाली घालायची का? त्या रोडला रात्री चाळीसच्या वर जायचं कशाला म्हणते मी."

"वैनी, जरा इकडं या, भिंतीजवळ. काल सकाळी ते डिकी धुवायले होते ओ. पाईप लावून. दोन बादल्या पाणी ओतलं, वर फिनेल."

"डिकी? बंपर फुटल्यावर डिकी कशाला धुवायची?"

"तेच मी पण म्हटलं. आणि रात्री त्यांच्या घरातनं मसाल्याचा वास सुटला होता. मला वाटलं, पाहुणे आले असतील."

"पाहुणे कुठले! काकू, आता मटणाचं काय करता येत नाही, पण असलं जनावर हाती आलं तर अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना नाहीतर वनखात्याला कळवावं लागतं. परवा रात्री अकराची गोष्ट, म्हणजे आज रात्री अकरापर्यंत वेळ आहे. तुमचं त्यांच्याकडं येणं-जाणं आहे, तुम्ही जाऊन सांगा. त्यांनी फोन केला तर ठीक, नाहीतर 1926 मी फिरवते."