बसेल त्याचा मॉल

हाजीअलीच्या नाक्याजवळ 1999 साली 'क्रॉसरोड्स' नामक काचेचे मंदिर उभे राहिले, तेव्हा आपण एकदाचे सिंगापुरास जाऊन भिडलो असा मुंबापुरीस साक्षात्कार झाला, आणि त्याच्या दर्शनार्थ गिरगाव-परळपासून थेट विरारपर्यंतची मंडळी सहकुटुंब सहपरिवार अशा संख्येने लोटली की चालकांपुढे व्यापाराच्या इतिहासात अश्रुतपूर्व असा पेच पडला: दुकानात माणसे फार येतात, त्यांना आवरावे कसे? सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी निऱ्या सावरून एक पाऊल पुढे टाकणाऱ्या, तेच घाईने मागे घेणाऱ्या आणि त्यायोगे सबंध रांगेस तिष्ठत ठेवणाऱ्या मावशी हे तेथील मुख्य प्रेक्षणीय स्थळ होते. मुले तर तो जिना जत्रेतला फुकटचा पाळणाच समजत.

सबब फर्मान निघाले. ज्याच्यापाशी मोबाईल अथवा क्रेडिट कार्ड असेल त्यास मुक्तद्वार. इतरांनी प्रवेशशुल्क भरावे. देवळाच्या दारात जात विचारणे ज्या प्रांताने कायद्याने बंद केले, त्याच प्रांतात दुकानाच्या दारात खिसा विचारला जावा याबद्दल ओरड झाली आणि यथावकाश ते फर्मान दप्तरात गेले. परंतु आमचे नागरिक आज्ञाधारक. मोबाईलवाचून आत येता येत नाही ही गोष्ट त्यांनी इतकी मनावर घेतली की पोटाला चिमटा काढून प्रत्येकाने तो घेतला. आणि घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आता आत जाण्याचे कारणच उरलेले नाही, कारण साबणापासून शालूपर्यंत जे जे हवे ते ते या यंत्रातून थेट उंबऱ्याशी येऊन पडते. द्वारपालाने जी वस्तू दाखला म्हणून मागितली तिनेच पुढे दुकानाच्या डोक्यावर हात ठेवला. भस्मासुरालादेखील वर देण्यापूर्वी शंकराने एवढी जाहिरात केली नव्हती.

अर्थात सारे खापर यंत्रावर फोडणे न्याय्य नव्हे. लोअर परळास फिनिक्स गिरणीच्या आवारात याहून थोरला संसार थाटला गेला (तेथील बोलिंगचा खेळ गिरणीकामगारांच्या मनोरंजनाच्या नावाखाली मंजूर झाला होता, हा तपशील आम्ही विनोदी वाङ्मयाचा नमुना म्हणून जपून ठेवला आहे) आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. इकडे क्रॉसरोड्सचे 'सोबो सेंट्रल' झाले. रोग्याचे नाव पालटले की यमदूत घर चुकतात अशी जुनी समजूत आहे. बँकांचे वसुली-अधिकारी मात्र चुकत नाहीत. मालमत्ता सल्लागार 'नाइट फ्रँक'ने 2023 साली देशातील आठ प्रमुख शहरांत अशा 64 वास्तू मोजल्या आणि त्यांस भुताटकीचे मॉल ही पदवी दिली. चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी म्हणजे भुताटकी, अशी त्यांची व्याख्या. आमच्या कोकणात याहून पुष्कळ कमी पुराव्यावर वाडा झपाटलेला ठरतो.

अशा वास्तूंचे पुढे काय करावे, यावर सांप्रत गंभीर खल चालू आहे. कोणी म्हणतो कचेऱ्या बांधा, कोणी म्हणतो निवासी मनोरे. एका डॉक्टरांस तेथे रुग्णालय दिसते आणि एका नगरसेवकेच्छूस विरंगुळा केंद्र, ज्याच्या कमानीवरील नावाचा मजकूर त्यांच्यापाशी तयार आहे. वाढीव चटईक्षेत्र मिळालेच पाहिजे याविषयी मात्र त्या सर्वांत असे ऐकमत्य आहे की जे आम्ही सत्यनारायणाच्या प्रसादाविषयीदेखील पाहिलेले नाही. वाद उरतो तो एवढाच, की त्या चटईवर बसणार कोण?

बसण्याचा प्रश्न निघाला की आम्हांस आमच्या इमारतीतील एका निवृत्त अव्वल कारकुनांचे स्मरण होते. गेली कित्येक वर्षे हे गृहस्थ दुपारी दोनच्या ठोक्यास एका ओसाड मॉलमध्ये जातात, कायमचे शटर पडलेल्या घड्याळाच्या दुकानासमोरील बाकावर वर्तमानपत्र अंथरतात, थंडगार वाऱ्यात चार वाजेपर्यंत बसतात, शेजारच्या दुकानात चप्पल पायात घालून माप पाहतात आणि बाकावर परतून तीच चप्पल मोबाईलवरून दीडशे रुपये स्वस्तात मागवतात. मॉल पाडणार अशी कुणकुण लागताच त्यांचा संताप अनावर झाला. त्यांचा युक्तिवाद असा, की 1948च्या कूळकायद्याने कसेल त्याची जमीन हे तत्त्व एकदा मान्य झाले, 1 एप्रिल 1957 रोजी कुळे मालक झाली, तर मग शहरात बसेल त्याचा मॉल का नसावा? अखंड, उघड आणि निर्वेध वहिवाट त्यांची. दुकानदार आले आणि गेले, मालक बदलले, पाटी बदलली, बाकावरचा हा एक कुळवाडी तेवढा हलला नाही.

परवा त्यांनी हरकतीचा मसुदा आम्हांस वाचावयास दिला. शहर हद्दीत सातबारा नसून मिळकतपत्रिका असते हे ध्यानी घेऊन तीवर आपल्या नावाची नोंद मागणारा तो अर्ज भाषेच्या दृष्टीने निर्दोष होता. सवयीने त्यांनी शेवटी एक तक्ताही आखला होता आणि त्यात 'अर्जदाराने सदर ठिकाणी आजपावेतो केलेली एकूण खरेदी' असा एक रकाना, कोणी न मागता, काढून ठेवला होता. त्यापुढे स्वच्छ अक्षरांत 'निरंक' असे लिहिले होते, आणि मागाहून कोणी खाडाखोड करू नये म्हणून खाली तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या होत्या.