कट्ट्यावरचे लिलावतज्ज्ञ

आयपीएलचा लिलाव जवळ आला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बिनपगारी सल्लागार उगवतात. कोणता संघ कुणाला घेणार, किती कोटींना, सगळं तोंडपाठ! नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला ऋषभ पंतवर २७ कोटी उधळले गेले. आपल्या मुंबईच्या शार्दूल ठाकूर, पृथ्वी शॉ, सर्फराज खानला मात्र कुणी विचारलं नाही. कट्टा लगेच म्हणाला, ‘मी सांगतच होतो!’ (आदल्या संध्याकाळी तिघांना मिळून तीस कोटी दिले होते.)

पगारी तज्ज्ञांचं तरी काय? २००८ साली एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंच्या निवडीत दिल्लीने घरचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवान घेतला. कोहली गेला बंगळुरूला. तेव्हा काका, भाकितं बिनधास्त करा. फक्त कटिंगचे पैसे आधी द्या.