थर्मल गनसाहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री थर्मल गनसाहेब,
मुक्काम खण क्रमांक तीन, स्टोअर रूम, मीना अब्दुल्ला, कुवेत



परवा स्टोअरची मोजदाद निघाली आणि तुमची गाठ पडली. तडकलेल्या हेल्मेटांच्या खोक्याखाली, मुदत संपलेल्या सॅनिटायझरच्या कॅनला टेकून पालथे पडला होतात. बॅटरी पाझरून हिरवा चिकटा धरला होता. एके काळी तुम्ही समोर आलात की मुदीर, म्हणजे मॅनेजरसुद्धा टोपी काढून कपाळ पुढे करायचा. आता कुत्रं विचारत नाही. म्हटलं, भंगारात जाण्याआधी चार ओळी लिहाव्यात. मी या साइटचा टाइमकीपर. तुम्ही बोलायचात ते आकडे वहीत चढवायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा आपली ओळख जुनी आहे.

तुमच्या आधीचे दिवस तुम्हाला माहीत नसतील. २४ फेब्रुवारी २०२० ला इराणच्या मशहदहून परतलेल्या प्रवाशांत इथले पहिले करोनारुग्ण सापडले. १२ मार्चपासून सरकारी कचेऱ्यांना सुट्टी लागली, १३ पासून विमानं बंद झाली, २२ पासून संध्याकाळी पाच ते पहाटे चार संचारबंदी. बांगेत 'घरीच नमाज पढा' असे शब्द आले तेव्हा आमचे रत्नागिरीकडचे फिटर हातातला पाना तसाच धरून ऐकत उभे राहिले होते. सगळा देश घरी बसला. आमचं पाइपलाइनचं काम मात्र अत्यावश्यक निघालं. वीस वर्षं या वाळवंटात काढली, आम्हाला कोणी अत्यावश्यक म्हणण्याची ही पहिलीच वेळ. फार बरं वाटलं हो!

तुम्ही आलात एप्रिलच्या सुरुवातीला, थर्माकोलच्या डब्यातून. त्याच आठवड्यात, ४ तारखेला, कुवेतमधला पहिला करोनाबळी गेला होता. ४६ वर्षांचा भारतीय. त्यामुळे तुमचं स्वागत अगदी मनापासून झालं. सेफ्टी ऑफिसरनी टूलबॉक्स टॉकमध्ये तुम्हाला उंच धरून दाखवलं आणि जाहीर केलं की साडेसदतीसच्या वरचा एकही माणूस गेटच्या आत येणार नाही. टाळ्या पडल्या. त्या महिन्याच्या रिपोर्टात पहिल्या पानावर तुमचाच फोटो होता.

अडचण एकच होती. तुमच्याबरोबर आलेल्या चिटोऱ्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की तुम्ही चाळीस अंशांपर्यंतच्याच हवेत चालता. चिटोरं लिहिणाऱ्याला कुवेत बहुधा ठाऊक नसावं. जुलै २०१६ मध्ये इथल्याच मित्रिबाह केंद्रावर ५३.९ अंशांची नोंद झाली आहे आणि जागतिक हवामान संघटनेनं तिच्यावर शिक्का मारला आहे. जूनपासून ऑगस्टअखेर अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, त्यामुळे आमची दुसरी पाळी चारला गेटवर यायची. पत्र्याची शेड तेव्हा तव्यासारखी तापलेली. तुम्हाला पहिल्या माणसाच्या कपाळावर रोखलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटायची, 'हाय'. आकडा मर्यादेबाहेर, असा त्याचा अर्थ. आमच्या नेपाळी वॉचमनला वाटायचं, साहेब रामराम करताहेत. तोही मान लववायचा.

मग वरून तोडगा आला. गेटजवळच्या पोर्टा केबिनमध्ये एसी अठरावर लावायचा, माणसांना दहा मिनिटं आत बसवायचं, कपाळं निवली की मोजायचं. केबिन दहा बाय दहाची. खिडक्या सिलिकॉननं बंद केलेल्या, नाहीतर धूळ येते. स्प्लिट एसीची गंमत अशी, की तो बाहेरची हवा आत घेत नाही. आतलीच हवा गार करून पुन्हा तोंडावर फेकतो. अशा खोलीत पंधरा पंधरा माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, मास्क हनुवटीवर ओढून, निवत बसायची. बाहेर फरशीवर मात्र दोन दोन मीटरवर पिवळ्या पावलांचे स्टिकर चिकटवलेले होते. त्यावर उभं राहायला कोणीच नव्हतं. सगळे केबिनमध्ये होते.

केबिनमधून निघालेल्या माणसाला तुम्ही ३४.२, ३४.६ असे आकडे द्यायचात. वही चाळली तर वाटावं की कंपनी अर्धमेल्या माणसांकडून पाइपलाइन टाकून घेते आहे. सेफ्टीकडून निरोप आला, असे आकडे ऑडिटला चालणार नाहीत. तेव्हापासून मी ३६.४, ३६.५, ३६.३ असं आलटून पालटून लिहू लागलो. पुढं पुढं तर आदल्या संध्याकाळीच पान भरून ठेवायचो. ऑडिटरनं आमच्या वहीचं कौतुक केलं. अक्षर चांगलं आहे म्हणाला.

तुमचा खरा प्रतिस्पर्धी तुम्हाला कधी भेटलाच नाही. तो पांढरा, गोल, सहज मिळणारा. आखातात या तापाच्या गोळीला सगळे पॅनाडॉल म्हणतात. पहाटे साडेतीनला कॅम्पवर बस लागायची. ज्याला कसकस वाटत असेल तो चहाबरोबर दोन गोळ्या टाकायचा आणि पाचला गेटवर तुमच्यासमोर ताठ उभा राहायचा. तुम्ही हिरवा दिवा दाखवायचात.

का टाकायचा, हे तुम्ही विचारणार नाही. तुमचं काम कपाळापुरतं. तरी सांगतो. कुवेतच्या २०१० च्या श्रम कायद्यात आजारपणाची रजा अगदी छान लिहिलेली आहे: वर्षात पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे दहा पाऊण पगारी, मग दहा अर्ध्या, दहा पाव, आणि त्यापुढचे ३० बिनपगारी. कायदा वाचणाऱ्याला गहिवरून यावं. आमच्या गेटवरची निम्मी माणसं मात्र लेबर सप्लायवाल्याकडून भाड्यानं आलेली होती. त्यांच्या बाबतीत टाइमशीटवर तास पडले तर पैसे, नाही पडले तर नाहीत, आणि ती टाइमशीट मीच भरत होतो. ताप आहे असं कबूल करणं म्हणजे चौदा दिवसांची मजुरी सोडणं, वर सप्लायवाल्याच्या यादीतून नाव उडण्याची धास्ती. तिकडे गावी जायची विमानं बंद, इकडे पगार बंद. पॅनाडॉलची पट्टी त्यापुढं स्वस्तच.

एक रात्र सांगतो. जूनचा महिना, वॉचमन रजेवर, तुम्ही माझ्या हातात. महाडकडचा एक पोरगा, स्कॅफोल्डर, रांगेतून पुढं आला. पहिल्या दाबाला ३८.१. लाल दिवा, शिवाय तुमचं ते केविलवाणं टुंई टुंई. मागच्या चार जणांनी माना वर केल्या. तो हळूच म्हणाला, "दादा, बसचा एसी बंद व्हता. डोकं तापलंय नुसतं, ताप नाय." मी त्याच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, ओठांवर पापुद्रे. मी पुन्हा दाबलं. ३७.९. मग मनगटावर रोखलं. ३६.८. ते लिहिलं. त्यानं माझ्याकडे न बघता हेल्मेट चढवलं आणि आत गेला.

चौथ्या दिवशी त्याच्या खोलीतले पाच जण आले नाहीत. मी वहीत त्यांच्या नावांपुढं गैरहजर लिहिलं. पोरगा वाचला, पाचही वाचले, एवढं सांगतो म्हणजे तुमच्या जिवाला घोर लागायला नको.

खोली म्हणालो, ती तुम्ही पाहिलेली नाही. तुमची नेमणूक गेटपुरती. आमच्या कॅम्पवरची खोली म्हणजे चार दुमजली लोखंडी पलंग, एका वेळी आठ माणसं, एक खिडकी आणि तिच्यात बसवलेला एसी, म्हणजे खिडकीही नाहीच. मधल्या जागेत एका वेळी दोघांनी पँट घालावी, बाकीच्यांनी थांबावं. सोळा जणांत एक संडास. रात्रपाळीचा माणूस दिवसपाळीवाल्याच्या उबदार गादीवर आडवा होतो. तिथून निघालेल्या माणसाला साइटवर दर तासाला हात धुवायला लावायचे, लिफ्टमध्ये चौघांवर पाचवा घ्यायचा नाही, कॅन्टीनच्या टेबलावर मधे प्लॅस्टिकचा पडदा लावायचा, असं आपलं सुरक्षित कार्यस्थळ. दर गुरुवारी पांढऱ्या पोशाखातले लोक येऊन ऑफिसच्या खुर्च्यांवर फवारणी करून जायचे, त्याचाही फोटो रिपोर्टात. कॅम्पवर फवारणी झाली ती एकदाच, ढेकणांसाठी.

तुम्हाला सगळा दोष देत नाही. तेव्हा मोठमोठे चकले. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना ठासून सांगत होती की हा रोग हवेतून पसरत नाही. जुलैत जगभरच्या २३९ शास्त्रज्ञांना मिळून तिला पत्र लिहावं लागलं, की बाई, बंद खोलीतल्या हवेकडे जरा बघा. शिवाय हा विषाणू ताप चढण्याच्या आधीच दुसऱ्याकडे जातो आणि कित्येकांना तर तापच येत नाही. म्हणजे भर थंडीत, नव्या बॅटरीवर, अगदी प्रामाणिकपणे चाललात तरी तुमच्या हाती अर्धेच लागले असते.

सिंगापुरानं निदान मोजून तरी पाहिलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या सरकारनं आकडा जाहीर केला: डॉर्मिटरीत राहणाऱ्या ३ लाख २३ हजार कामगारांपैकी १ लाख ५२ हजारांना लागण होऊन गेलेली. शंभरात ४७. आपल्या मुंबईत धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा पालिकेच्या माणसांना एक गोष्ट लवकर कळली. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहत असतील तर 'घरीच विलग राहा' हे वाक्य विनोदी आहे. त्यांनी माणसं उचलून शाळांत आणि क्रीडासंकुलात नेली, जेवायला घातलं, सार्वजनिक संडास दिवसातून कितीदा तरी धुतले. १८९७ च्या प्लेगात रँडचे सोजीर पुण्यातल्या घरांत घुसले म्हणून आपल्या लोकांनी काय केलं ते शाळेत शिकलोय. आमच्या कॅम्पवर मात्र कोणीच घुसलं नाही. आला असता कोणी, तर चहा पाजला असता.

इथल्या सरकारनं काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नका, पाप लागेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जलीब आणि महबुला हे दोन भाग तारा आणि नाकेबंदी लावून बंद केले, ते जुलैपर्यंत. दोन्हीकडं आमच्यासारखेच परदेशी कामगार दाटीनं राहतात. आत दाटी होती तशीच राहिली, फक्त भोवती तार आली. १० ते ३० मे सगळ्या देशात पूर्ण संचारबंदी. जमियात, म्हणजे सहकारी भांडारात जायला सहा दिवसांतून एकदा बारकोड. मास्क नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दिनारांपर्यंत दंड. खासगी क्षेत्रातलं किमान वेतन महिना ७५ दिनार, म्हणजे एका उघड्या नाकाची किंमत साडेपाच वर्षांच्या पगाराएवढी. आणि विलगीकरणात असलेल्यांसाठी फोनवर एक ॲप, नाव 'शलोनिक', अरबीत 'कसा आहेस?' अवेळी निरोप यायचा, लगेच स्वतःचा फोटो काढून पाठव. ॲम्नेस्टीनं जून २०२० मध्ये जगातल्या सर्वांत आगाऊ ॲपांत त्याची गणना केली. मला ते तितकंसं वाईट वाटलं नाही. कसा आहेस असं आमच्या खोल्यांत दुसरं कोणी विचारत नव्हतं.

पुढं लस आली, मिशरिफच्या प्रदर्शन मैदानावर रांगा लागल्या, आणि तुमचा दरारा ओसरला. आधी तुम्ही टेबलावर आलात, मग खणात. फरशीवरची पिवळी पावलं झिजून गेली. केबिनच्या खिडकीचं सिलिकॉन अजून तसंच आहे.

१२ जून २०२४ ला मंगफमधल्या कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. दीडशेहून अधिक माणसं तिथं राहत होती. ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानानं मायदेशी आले. त्यानंतर आमच्या कॅम्पवरही साहेब लोक येऊन गेले, पहिल्यांदाच. प्रत्येक मजल्यावर एक एक लाल नळकांडं टांगलं गेलं आणि शेजारी तपासणीचं कार्ड. त्यावर दर महिन्याला कोण सही करतं, हे तुम्ही ओळखलं असेलच.

तर गनसाहेब, तुम्हाला भंगाराच्या यादीत एकशे बाराव्या ओळीवर घातलं आहे, 'नादुरुस्त' असा शेरा मारून. शेरा मला पटलेला नाही. जे काम तुमच्याकडून हवं होतं ते तुम्ही चोख केलंत. वही माझ्याकडे आहे. ती मागायला अजून कोणी आलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
टाइमकीपर

ता. क. : यादीवर सही करून तसाच कॅम्पवर गेलो होतो. त्या पोराच्या खोलीत आता दुसरी माणसं आहेत. पलंग मोजले. चारच आहेत, दुमजली.