मुलींच्या बापाला घर मिळेल

आइंडहोव्हन,
रविवार

ती. आई आणि बाबांस,


रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. आई, तुझा फोन स्पीकरवर असतो आणि आपल्या लालबागच्या चाळीत स्पीकरवरचा फोन म्हणजे जाहीर सभा. मागे मी थंडीबद्दल एक वाक्य बोलले, तर संध्याकाळपर्यंत समोरच्या काकूंकडून सुंठीच्या काढ्याचं प्रमाण आलं. म्हणून म्हटलं, जरा सविस्तर आणि खासगी लिहावं. (तरी बाबा हे गॅलरीत बसून मोठ्याने वाचणार, ते मला ठाऊक आहे. वाचा, पण काकूंचा भाग गाळा.)

बाबांनी विचारलं होतं, तुमची वस्ती नक्की कसली, टॉवरवाल्यांची की कामगारांची? तर बाबा, सातासमुद्रापार येऊन तुमची मुलगी पुन्हा गिरणगावातच नांदतेय.

आमच्या भागाचं नाव स्ट्रेइप. हे पूर्वी वेगळं गाव होतं. १९२० साली आजूबाजूची पाच गावं आइंडहोव्हनला जोडली, त्यातलं हे एक. आणि गावाचा शेठ कोण? फिलिप्स! होय, आपल्या फळीवरच्या रेडिओवाले. १८९१ मध्ये त्यांनी इथे बल्ब करायला घेतले आणि बघता बघता अख्खं शहर त्यांच्या पगारावर आलं. घरं कंपनीची, शाळा कंपनीची, वाचनालय कंपनीचं. फुटबॉलचा क्लबसुद्धा कंपनीचाच. पीएसव्ही म्हणतात त्यातला पी म्हणजे फिलिप्स.

आमचं स्वतःचं घर मात्र स्ट्रेइपच्या पार कडेला, मेरहोव्हनमध्ये. जुन्या लष्करी विमानतळाच्या जमिनीवर पंचवीसेक वर्षांपूर्वी वसवलेली वस्ती. शेजारच्या वेल्डहोव्हन गावात चिप छापायची यंत्रं बनवणारी एएसएमएल कंपनी आहे. ह्यांची नोकरी तिथली, आणि गल्लीतल्या निम्म्या नवऱ्यांचीही. त्यामुळे डावीकडे तेलुगू, उजवीकडे डच, समोर पुण्याचे. पुण्याचे आहेत हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, मग नाव सांगितलं.

घरं एकासारखी एक. पुढे हातभर बाग, मागे सायकलींची खोली, आणि रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच. पडदे असले तरी कोणी ओढत नाही. संध्याकाळी दिवे लागले की कोण काय खातंय, कोण टीव्हीसमोर घोरतंय, सगळं दिसतं. पण बघायचं नाही! आपल्याकडे दारं उघडी असतात ती बघण्यासाठीच. इथे मात्र मान सरळ ठेवून चालावं लागतं. आई, तुला इथे दुसऱ्याच दिवशी मानेचा पट्टा लागेल.

शेजारीण चांगली आहे. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला दारात आली, सगळं ठीक आहे ना म्हणून. आत बोलावलं, वरणभात दाखवला. आता तिला शिट्ट्या पाठ झाल्यात, चार झाल्या की राजमा हे तिला भिंतीपलीकडून कळतं. पण चहाला बोलवायचं तर डायरी काढते. तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार मिळतो, तोही साडेतीन ते साडेचार. वाढदिवसांची यादी हे लोक संडासात टांगतात. अगदी खरं. रोज बसल्याबसल्या नजर जाते, कोणी विसरत नाही. ह्यांना ती पद्धत इतकी पटली की आता आपल्याकडेही टांगलीय. बाबा, तुमचं नाव जून महिन्यात आहे.

पण खरी गंमत स्ट्रेइपच्या जुन्या वाड्यांमध्ये आहे. रविवारी आम्ही सायकली घेऊन तिकडे जातो. फिलिप्सडॉर्प १९१० पासून कामगारांसाठी बांधायला घेतलं. विटांची बुटकी घरं, कौलं, पुढे फुलझाडं. अगदी लागूनच फ्रेडरिकलानवर क्लबचं स्टेडियम. पस्तीसेक हजार माणसं मावतात. मॅचच्या दिवशी लालपांढरे पट्टे घातलेला समुदाय त्या इवल्याशा घरांवरून असा वाहतो, की मला लालबागच्या राजाच्या नवसाची रांगच आठवली. आपल्याला नाही का त्या दहा दिवसांत स्वतःच्या घरी जायला मंडळाचा पास दाखवावा लागत? इथल्यांचंही तेच, गाडीपुरतं. फरक एवढाच, इथे देव नव्वद मिनिटांत उठतो.

त्याच्या जवळच ड्रेंट्स डॉर्प. आई, हातातलं काम ठेव आणि नीट ऐक. १९२० च्या दशकात रेडिओचा धंदा वाढला आणि कंपनीला माणसं पुरेनात. तेव्हा उत्तरेकडे ड्रेंथे प्रांतात दलदलीतून जळणाची माती काढायचं काम बसत चाललं होतं, घरोघर बेकारी. कंपनीने तिथली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून आणली आणि त्यांच्यासाठी ही वस्ती बांधली. पण कुटुंब निवडायची अट काय? ज्या घरात मुली जास्त, त्याला पसंती आधी! बल्ब आणि रेडिओच्या बारीक कामाला मुलींचे हात हवे होते.

हे कळलं तेव्हा मी सायकलवरून उतरलेच. मी झाले, म्हणजे तिसरी, तेव्हा बर्फी वाटावी की नुसतंच गप्प बसावं यावर आत्याने बैठक बोलावली होती म्हणे. आणि दोन नंबरच्या नानांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ‘होईल, पुढच्या खेपेला होईल’ म्हटलं होतं. बाबा, तुम्ही इथे जन्माला यायला हवं होतं. कंपनीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवून विचारलं असतं, ‘तीनच?’ आणि वर बागेसकट घराची चावी दिली असती.

कंपनीला मुलींचं कौतुक होतं अशातला भाग नाही. मुलींची बोटं बारीक, तसा पगारही बारीक. पण आपल्या गिरण्यांना काय हवं होतं? नुसते दोन हात. बाकीचा माणूस, त्याची बायकापोरं, म्हातारी, सगळं गावाला राहिलं तरी चाललं. आजोबा गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, एकाची पाळी सुटली की त्याच पथारीवर दुसरा. खानावळीच्या आज्जी नसत्या तर निम्मं गिरणगाव उपाशी मेलं असतं. इथल्या शेठने अख्खं कुटुंब ठेवून घेतलं आणि घरातल्या प्रत्येकाकडून काम वसूल केलं. हिशेब दोघांचाही चोखच.

ड्रेंट्स डॉर्पचं हे सगळं मला नीट सांगितलं ते तिथल्याच एका आजींनी. ऐंशीच्या पुढच्या असतील. दारापुढे गुडघ्याखाली रबरी गादी घेऊन बसल्या होत्या आणि फरशीच्या फटींतलं गवत जुन्या सुरीने एकेक काडी करून काढत होत्या. माझ्या मोडक्यातोडक्या डचला त्यांनी हसू आवरलं, तिथेच मला आवडल्या. त्यांची आई आणि दोन मावश्या बल्बच्या खात्यात होत्या. इथले लोक कॅथलिक, हे आलेले प्रॉटेस्टंट, बोलीही वेगळी. सुरुवातीला पाण्यासारखी कॉफीसुद्धा एकमेकांकडे पीत नसत म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे घाटी आणि कोकणी ह्यांच्यात माशांच्या वासावरून असंच चालायचं. मग त्यांनी विचारलं, तुझे वडील काय करायचे? विणकर, म्हटलं. कोणत्या कंपनीत? नाव सांगितलं. आता आहे का ती? मी म्हटलं, जागा आहे. त्यांनी मान डोलावली, कॉफी दिली, डब्यातलं एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. इथे एकच देतात, वाईट वाटून घ्यायचं नाही.

आजींनी मान डोलावली ती उगाच नाही. कंपनी इथूनही गेलीच. नव्वदच्या दशकाअखेर मुख्य कचेरी ॲमस्टरडॅमला न्यायचं ठरलं. मग स्ट्रेइप-एस, म्हणजे कारखान्यांचं मोठं आवार, रिकामं झालं. पूर्वी पास असल्याशिवाय फाटकातून आत सोडत नसत. आता घड्याळाच्या इमारतीत गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि अँटन आणि गेरार्ड ह्या फिलिप्स बंधूंच्या नावाच्या कारखान्यांत उंच छतांची घरं झालीत. जिथे तिथे सायकली, दाढीवाली मुलं आणि महागडी कॉफी. तिथे फिरताना मला बाबांसोबतची फिनिक्स मिलच्या मॉलमधली फेरी आठवली. बुटांच्या दुकानासमोर उभे राहून तुम्ही सेल्समनला ‘इथे साचे होते’ असं सांगत होतात आणि तो ‘कितने नंबर का, अंकल?’ विचारत होता.

आता टॉवरचं ऐका, म्हणजे बाबांना राग यायला विषय मिळेल. त्याच आवारात २०२१ मध्ये एकोणीस मजल्यांचा ट्रुडो टॉवर उभा राहिला. मिलानमधल्या झाडांच्या इमारती ज्यांनी केल्या, त्याच स्तेफानो बोएरींचा. प्रत्येक गॅलरीत झाड, लांबून बघावं तर डोंगरच. मी ह्यांना म्हटलं, कुणी हिरे व्यापारी राहत असतील. तर नाही! कमी भाड्याची घरं, १२५, कमी पगारवाल्यांसाठी. एकेक घर ५० चौरस मीटरच्या आत, म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीत मामाला १६० फुटांच्या खोलीबदली ५०० फुटांचं मिळालंय साधारण तेवढंच. मामाला चावी मिळायला मात्र तीन पिढ्या गेल्या, आणि आता त्याची तक्रार अशी की लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही. बाबांचा गिरणी कामगारांच्या लॉटरीतला नंबर लागला का? ह्या वेळी तरी फॉर्मवर फोटो हल्लीचा लावा. मागच्या वेळचा संपाच्या मोर्चातला होता, मूठ आवळलेला.

थोरली सात वर्षांची झालीय, डचमध्ये भांडते आणि मराठीत रडते. धाकटीला दात येतायत. ह्यांचा नमस्कार.

तिकिटं मे महिन्याची काढतोय. आई, येताना लालबागचा मसाला दळून आण. सुके बोंबील अजिबात आणू नकोस, विमानतळावर कोणी पिशवी उघडायला लावली तर तू तिथेच सत्याग्रहाला बसशील. थर्मल आम्ही इथेच घेऊ. मे महिना तुम्हाला उन्हाळा वाटणार नाही.

आणि बाबा, त्या आजींना तुम्हाला भेटायचं आहे. त्यांनी डायरीत आत्ताच गुरुवार नेमून दिलाय, साडेदहा ते साडेअकरा. तुमचा १८ जानेवारी १९८२ चा संप एवढ्या वेळात आटोपत नाही, हे आम्हा तिघी बहिणींना लहानपणापासून तोंडपाठ आहे. म्हणून मी पुढचाही गुरुवार मागून घेतलाय.

तुमची,
तीन नंबर

ता. क. : काकूंना म्हणावं, काढा चांगला लागू पडला.