तंजावरचा कर्लिंग क्लब

ऑलिंपिकमध्ये कर्लिंग नावाचा खेळ असतो. एक जण जवळपास वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सोडतो, दोघे त्याच्या पुढे जीव खाऊन झाडू मारतात आणि चौथा पलीकडून ओरडतो. बर्फ घासला की जरासा तापतो, मग दगड लांब आणि सरळ जातो. टीव्हीवर हे पाहून आमच्या तंजावरच्या आत्या म्हणाल्या, "यात मेडल कशाचं? आमच्या वीथीत रोज पहाटे चालतं."

मी नियम काढून वाचले. आत्यांचं म्हणणं खोडता येईना. सामन्याआधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतात, म्हणजे सडाच. टोकाला एकात एक वर्तुळं काढलेली असतात, बाहेरचं बारा फुटी, आणि त्यांना म्हणतात 'घर'. दगड मधोमध न्यायचा. आता मार्गळी महिन्यात पहाटे आमच्या मेल वीथीत या. सडा, खराटा, दारभर कोलमची रांगोळी आणि बरोबर मध्यावर, शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं फूल. नेम सुताने चुकत नाही. ओरडायला ओट्यावर सासूबाई असतातच, आणि ऑलिंपिकच्या कप्तानाला त्यांच्याइतका आवाज नाही.

दगडाचं म्हणाल, तर तंजावरला कावेरीच्या गाळात दगड सापडत नाही. तरी राजराज चोळांनी बाहेरून ग्रॅनाइट ओढून आणून 1010 साली दोनशे फुटांहून उंच देऊळ उभं केलं. म्हणजे दगड सरकवण्याचा सराव हजार वर्षांचा. स्कॉटिश मंडळी एल्सा क्रेग बेटाचे वीस-वीस किलोचे गोटे मिरवतात, मिरवोत बापडी.

राहिला बर्फ. पण 1842 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीला हा खेळ दाखवला तो स्कॉटलंडच्या स्कून राजवाड्यातल्या गुळगुळीत जमिनीवर, बर्फाशिवाय. राणी खूश झाली, तिथल्या कर्लिंग क्लबला 'रॉयल' पदवी मिळाली. राजवाडा तर आमच्याकडेही आहे! फक्त तो क्लब निघाला 1838 साली आणि आमचे तंजावरचे सरफोजी राजे गेले 1832 मध्ये. छापखाना काढणारा, डोळ्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी चित्रांसकट ठेवणारा राजा हा खेळ सोडता ना. सहा वर्षांनी हुकलं.

असो. आत्यांच्या वीथीतल्या क्लबात नवे सभासद घेणं चालू आहे, पुरुषांनाही मज्जाव नाही. आजवर एकही आलेला नाही. वेळ पहाटे पाचची, खराटा आपापला आणावा. खेळ संपल्यावर डिग्री कॉफी मिळते, पण दार झाडून झालं असेल तरच.