पाणी नको म्हणणारी झाडं

सक्युलंट सांभाळायची पुस्तकं बहुतेक बर्फाळ देशांत लिहिलेली. त्यांच्या हिशेबात चिवट ते बर्फ सोसणारं, आणि नाजूक ते थंडी पडली की घरात घ्यायचं. डोंबिवलीत हे वाचून करायचं काय? इथे डिसेंबरात स्वेटर निघतो तो कपाटाला हवा लागावी म्हणून. आपल्याकडे परीक्षा जुलैत.

ठाणे-कल्याणचा पाऊस वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. मेक्सिकोच्या एचेव्हेरियाने असलं काही बापजन्मी पाहिलेलं नसतं. पानं आधीच पाण्याने टम्म, त्यात कुंडी आठवडाभर ओली. मुळं सडतात आणि एके सकाळी वरचा गुच्छ अलगद हातात येतो. युरोपात सेम्परव्हिव्हम छपरावर वाढतं, बर्फाखालीही जगतं. माळ्याने ते आपल्या घरावर लावावं, असं सम्राट शार्लमेनच्या सुमारे १२०० वर्षांपूर्वीच्या फर्मानात आहे. आपल्या दमट उकाड्यात हे शाही रोप कुरकुरत संपतं. पानफुटी मात्र मादागास्करहून आली आणि गळक्या पाइपाखालीही सुखाने नांदते. गॅलरीत ब्रह्मकमळ म्हणून मिरवतं तेही अमेरिकेतल्या ओल्या जंगलातलं निवडुंगच; त्याला पावसाचं काय कौतुक!

पण दोष एकट्या पावसाचा नाही. आपल्या सह्याद्रीतली शिंदळमाकुडी बघा. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव शास्त्रीय नावात वागवणारी ही दुर्मीळ वनस्पती शिवनेरीच्या बाजूच्या कड्यांवर असते. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात नुसतं मांसल खोड. पाऊस तीही खाते, पण उभ्या कड्यावर पाणी थांबतं कुठे? आपल्या कुंडीत तोच कडा करायचा: निम्म्याहून जास्त जाड रेती आणि विटांचे तुकडे, थोडा कोळसा, माती बेताची. नर्सरीतून आलेलं कोकोपीट झटकून टाकावं, ते ओल सोडत नाही.

घरातला धोका वेगळा. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमधून आलेलं रोप टीपॉयवर बसतं आणि उजेड शोधत जिराफासारखी मान काढतं. त्याला खिडकीच लागते. शिवाय घरात माया फार. या झाडांची रंध्रं दिवसा मिटलेली, रात्री उघडी. त्यामुळे पाणी फारसं उडत नाही. तरी ‘सुकलंय गं बिचारं’ म्हणत कुणीतरी रोज कपभर ओततंच. माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय थेंब घालू नये. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही ते बरं.

तेव्हा मृगाआधी एचेव्हेरिया, हॉवर्थिया ग्रिलवरून उतरवून खिडकीच्या आत घ्या. बाहेर काढायची ती कोजागरीनंतर, आणि तेव्हाही आधी फक्त सकाळच्या उन्हात. मधल्या काळात शेजारच्या काकूंनी कौतुकाने रोप मागितलं, तर पानफुटीचं पान द्या.