पस्तिशीला दार बंद

आशा सेविका व्हायला २५ ते ४५ हे वय चालतं. नर्सिंगला प्रवेश हवा असेल, तर इंडियन नर्सिंग कौन्सिल म्हणतं, पस्तिशीच्या आत या.

म्हणजे चाळिशीची बाई दारोदार फिरायला चालते, वर्गात बसायला नाही.

वाशिम-पुसद रस्त्यावरचं अनसिंग घ्या. सोयाबीन-तुरीचा पट्टा. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे घेतले, त्यात वाशिम होता. शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करणारा ‘प्रेरणा प्रकल्प’ यायला मात्र २०१५ उजाडलं. चौदा जिल्हे, १०४ हा मदतीचा नंबर आणि घरोघरी जाऊन विचारायला कोण? आशाच.

तिचं काम जवळून बघा. ओसरीवर टेकते, पाणी मागते, मग विचारते, “भाऊ, रातच्याले झोप लागते का?”

“लागते नं.”

ती लगेच वहीत खूण करत नाही. अर्धं राहिलेलं ताट तिनं पाहिलेलं असतं. वहिनीनं नजर चुकवली, तेही टिपलेलं असतं. निघताना वहिनीला दारामागे हळूच सांगते, फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात घाला, चावी तुमच्याकडे ठेवा. ही नजर विशीतल्या मुलीला शिकवावी लागते. हिला ती आहेच, फक्त हातात प्रमाणपत्र नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. सरकारी सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क, असं त्यात लिहिलंय. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. अनसिंगकराला त्यातल्या त्यात जवळ नागपूर, तेही दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. ऐन पेरणीत कोण कोणाला घेऊन जाणार?

कायदा गावापर्यंत पोचवायला माणूस लागतो. तो गावातच आहे.

आशेला मनोरुग्णांची नर्स व्हायचं असेल, तर तिचा रस्ता मोजू. बारावी झालेली असेल, तर तीन वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. त्यात मानसिक आरोग्य हा एक विषय. मग नोंदणी, वर्षभराचा अनुभव आणि मनोरुग्ण परिचर्येची एका वर्षाची पदविका. एकूण पाच वर्षं. अडतिसाव्या वर्षी सुरू केलं, तर त्रेचाळिसाव्या वर्षी तयार. राज्य सरकारात निवृत्ती अठ्ठावन्नला. पंधरा वर्षं काम करणारी नर्स नको, असं म्हणणारा जिल्हा दाखवा.

नियमात एक फट आहे. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका झालेल्या बाईला जीएनएमसाठी वयाची अट नाही. पण एएनएमला प्रवेश घ्यायचा, तर तिथंही पस्तीसच.

फट आहे, पण दुसऱ्या कुलपाच्या आत.

ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य ही नर्सिंगची स्वतंत्र शाखा आहे. पहिल्या वर्षापासून तेच शिकता येतं आणि वयाची वरची मर्यादा नाही. मुलं मार्गी लागली की आया कॉलेजात जातात. तिकडची मनं वेगळी असतात का?

बरं, तिकडचं राहू द्या. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून कामाला लावलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आले. विदर्भातला पुरावा जगानं वाचला, आपण कधी वाचणार?

मागणी मोठी नाही. दहा वर्षं गावात काम केलेल्या आशेला एएनएम-जीएनएमसाठी वयाची अट काढा. वर्ग वाशिमलाच भरवा, कारण घरात म्हातारी सासू आणि दहावीतली पोरगी टाकून ती वसतिगृहात राहणार नाही. आणि शिकत असेपर्यंत महिन्याचे पैसे द्या. आशेला पगार नाही, मानधन आणि कामावरचा मोबदला आहे. काम थांबलं की चूल थांबते, हे मंत्रालयातल्या कुणालाही ठाऊक आहे.

या वयात अभ्यास झेपेल का, असं कोणी विचारेलच. लसीकरणाच्या याद्या, टीबीच्या गोळ्या, अडलेल्या बाळंतिणीला घेऊन रात्री-अपरात्री दवाखाना गाठणं, वर मोबाइलमध्ये रोजची माहिती भरणं, एवढं सगळं एकाच बाईवर टाकताना हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.